पाडायच्या घराला रंग कशाला?

रंगाच्या कामात एक गोष्ट हमखास होते. काम संपतं, सामान आवरून होतं आणि डब्याच्या तळाशी चार बोटं रंग उरतो. टाकवत नाही आणि वापरता येत नाही. मग तो डबा आमच्या लालबागच्या गाळ्यात येतो. तिथे अशा डब्यांची छतापर्यंत चळत लागलीय. किश्शांचंही तसंच आहे. प्रत्येक घरातून एखादा अंगाला चिकटून येतोच, आणि संध्याकाळी चहाला बसलो की कुणीतरी त्याचं झाकण उघडतं.

आम्ही म्हणजे तिघं. मी अलका परब, राहायला भोईवाड्यात. गिऱ्हाइकांशी बोलणं, शेड ठरवून देणं आणि वेळ आली तर भांडणं ही खाती माझी. दिन्या माझा धाकटा भाऊ, पन्नाशीला आला तरी दिन्याच. आणि बाळा कांबळे, डिलाईल रोडचा, माझा शाळेतला वर्गबंधू. रंग हे दोघं देतात, काम मोठं असेल तर हाताखाली माणसं घेतात. मी तोंडाची फटकळ आहे असं दोघांचं म्हणणं. रंगाबद्दल लोकांच्या डोक्यात काय काय बसलेलं असतं ते रोज ऐकायला लागलं तर देवमाणूससुद्धा फटकळ होईल!

*

पहिला मान पांढऱ्याचा.

गिरगावात एका चाळीत काम होतं. नवराबायको, शाळेत जाणारी मुलगी आणि नवऱ्याचे वडील, आप्पा. वन रूम किचन. नवऱ्याने मोबाइलवर कुठेतरी पाहिलं होतं की पांढऱ्या रंगाने खोली दुप्पट मोठी दिसते. मी सांगून पाहिलं की अहो, उजेड कुठून येतो तेही बघा, सगळंच पांढरं नका करू. तर म्हणाले, मॅडम, त्या व्हिडिओला किती लाइक्स आहेत माहितीय का? आता लाइक्सपुढे आपण काय बोलणार.

भिंती पांढऱ्या, छत पांढरं, दारं-खिडक्या पांढऱ्या. मग जोर चढला आणि सोफ्याचं कव्हर पांढरं आलं, पडदे पांढरे आले. आप्पा जन्मभर पांढरा बनियन आणि पांढरा लेंगा घालत आलेले, केसही पांढरे, आणि दिवसभर बैठक त्याच सोफ्यावर. नवीन रंगानंतर सूनबाईंनी एकदा दिवा-पंखा बंद केला, बाहेरून कुलूप लावलं आणि भाजीला निघून गेल्या. आप्पा आतच!

पुढे काही दिवसांनी आम्ही एक राहिलेला कोपरा उरकायला गेलो. मी आपलं सहज विचारलं, काय आप्पा, झाली का खोली मोठी?

आप्पा शांतपणे म्हणाले, "खोलीचं माहीत नाही बाई. मी मात्र नाहीसा झालो."

बाळाने त्याच दिवशी आप्पांच्या मागची भिंत विटकरी करून दिली. आता आप्पा दारातून दिसतात.

*

लोकांना हसतो खरे, पण सगळ्यात जुनी समजूत आमच्या बाळाच्याच घरी मुक्कामाला होती. ‘चाळ पाडणार आहेत, रंग कशाला काढायचा?’

बाळाची आई म्हणजे शांतामावशी. परळच्या एका सरकारी इस्पितळात आया होत्या, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. डिलाईल रोडच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर त्यांची खोली. नवरी म्हणून आल्या त्या तिथेच. बाळा तिथे रांगला, बाळाचे वडील तिथेच गेले. ही चाळ पाडून टॉवर उभा राहणार ही बातमी बाळाला मिसरूड फुटलं तेव्हापासूनची. दर वर्षी कुणीतरी आतल्या गोटातली खबर आणणार की यंदा नक्की. त्यामुळे झालं काय, की अख्ख्या चाळीत कुणी रंग काढेना. यंदा पाडणार म्हणून जिना काळा, गॅलरी काळी, भिंतींचे पोपडे निघालेले.

मावशींचं मागणं एकच होतं. चौदा एप्रिलच्या आधी घराला रंग द्या. जयंतीच्या दिवशी सकाळी खाली चौकात वंदना झाली की मजल्यावरच्या सगळ्या बायका खीर खायला मावशींच्या खोलीत जमायच्या, ही त्यांच्या सासूपासूनची रीत. त्या दिवशी घर कसं लख्ख पाहिजे, तसबिरीमागची भिंत निळीशार पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं.

आणि दर एप्रिलला बाळाचं उत्तर ठरलेलं. आई, यंदा खरंच पाडतायत गं, फुकट जाईल.

एकदा मी समोरच होते. मावशी तांदूळ निवडत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "हे तू पहिल्यांदा बोललास तेव्हा तुझं लग्न व्हायचं होतं."

बाळाची मुलगी तिथेच बसून कॉलेजचा अभ्यास करत होती. ती फिस्सकन हसली. मावशी काही चिडल्या नाहीत. पुढच्या एप्रिलला त्यांनी परत मागितला.

*

शेड कार्डावर दिसतो तोच रंग भिंतीवर येतो, असं समजणाऱ्यांची तर गणतीच नको.

दादरला एक दातेबाई आहेत, निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी कार्ड बाजूला सारलं आणि कपाटातून आमसुली रंगाची इरकल साडी काढून माझ्या मांडीवर ठेवली. भिंत अगदी अशी हवी म्हणाल्या. मी समजावलं की बाई, कापड वेगळं, भिंत वेगळी. दिवसाच्या उजेडात एक दिसेल, ट्यूबलाइटखाली दुसरंच दिसेल. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे असं पाहिलं की मला माझा गृहपाठ राहिल्यासारखं वाटलं.

मशीनवर घोटून घोटून रंग जुळवला, भिंत झाली. सकाळी ती चॉकलेटी दिसायची, दुपारी मातकट, रात्री ट्यूब लावली की जांभळी. बाईंनी मला बोलावून घेतलं आणि भिंतीसमोर उभं करून म्हणाल्या, "भिंतीचा दोष नाही. मी तुम्हाला नापास करते आहे."

पुढे बरेच दिवस मी त्या गल्लीतून जायचं टाळत होते. मग एक दिवस त्यांचाच फोन आला, चहाला या म्हणून. सहाला या, साडेसहाला येऊ नका, हे दोनदा बजावलं.

आम्ही सहाला हजर. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आत आलं होतं आणि भिंत थेट त्या साडीसारखी दिसत होती. बाई तीच साडी नेसून भिंतीला लागून खुर्चीत बसल्या होत्या. खूप छान गप्पा झाल्या. साडेसहाला ऊन समोरच्या बिल्डिंगमागे गेलं, तशा बाई "चला, झालं" म्हणून उठल्या आणि आमच्या कपबशा गोळा करायला लागल्या. दिन्याचा चहा अर्धा राहिला होता.

*

परळच्या साळवींचं प्रकरण वेगळं. तळमजल्यावर राहतात. त्यांच्या हॉलच्या भिंतीला ओल यायची आणि दर वर्षी ते आम्हाला बोलवायचे. चांगला महागातला रंग मारला की ओल दबते, ही त्यांची पक्की समजूत. रंग मारला की चार महिने भिंत छान राहायची, मग हळूच तो डाग परत यायचा, आधीपेक्षा थोडा अंग धरून.

बाळाने सांगितलं, साळवीकाका, पाणी वरून येतंय. वरच्यांची मोरी एकदा बघून घेऊ.

इथेच तर अडचण होती. वर राहणाऱ्यांचं आडनाव कदम. साळवी आणि कदम यांच्यात गॅलरीत वाळत घातलेल्या गोधडीच्या पाण्यावरून काहीतरी झालं होतं आणि तेव्हापासून अबोला. साळवी म्हणाले तो विषय काढायचा नाही. दर वर्षी रंग काढीन, पण त्याच्या दाराची कडी वाजवणार नाही.

तीन-चार वर्षं असं चाललं. शेवटी माझंच डोकं फिरलं. खाली रंग चालू असतानाच, साळवींना न विचारता, मी वर गेले आणि बेल मारली. कदमांनी दार उघडलं ते नाकाला रुमाल लावूनच. मी कोण, कुठली, काही विचारलं नाही. रुमालाआडून म्हणाले, "त्यांना सांगा, मी हरलो. मला वासाचा त्रास होतो म्हणून दर वर्षी मुद्दाम रंग काढतात, कळतं मला."

मला हसू आवरेना. तिथेच दारात बसून घेतलं. मग समजावून सांगितलं, कदमांच्या मोरीखालचा पाइप तपासला. तो गळत होता, साधं काम होतं, कदमांनी दुसऱ्याच दिवशी प्लंबर आणला. भिंत वाळली, आम्ही एकदा शेवटचा रंग दिला आणि डाग परत आलाच नाही. अबोला मात्र दोघांनी जपून ठेवला.

मागच्या दिवाळीला कदम मला नाक्यावर भेटले. जरा घुटमळले. मग हळूच विचारलं, "यंदा खाली रंग नाही काढला. तब्येत बरी आहे ना त्यांची?"

*

वासावरून आठवलं. कॉटन ग्रीनला एक वहिनी आहेत. आम्ही त्यांच्याकडे बिनवासाचा रंग नेला. घरात बाळंतीण होती म्हणून मी मुद्दाम तो निवडला. बाळ-बाळंतीण दोघं आतल्या खोलीत, काम बाहेरच्या खोलीत. वहिनींनी भिंत हुंगली आणि तोंड वाकडं केलं. वास नाही म्हणजे तुम्ही पाणी घातलंय, असा थेट आरोप. त्यांच्या लग्नात घराला रंग काढला तेव्हा आठवडाभर सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, त्याला म्हणतात रंग!

मी दुपारी गाळ्यावर आले. दिन्याने काय केलं, तर टर्पेंटाइनचा एक बोळा भिजवून जिन्यात, वहिनींच्या दाराच्या बाहेर ठेवून दिला. संध्याकाळी मी परत गेले तेव्हा वहिनी पदराने डोळे पुसत कामगारांना चहा देत होत्या. आता कसा खरा रंग लागला म्हणाल्या.

घरी येईपर्यंत मी दिन्याला फैलावर घेतलं. त्याचं एकच. "गो ताय, गिराईक खूश आसा, मगे तुका काय?"

*

हल्ली एक भिंत गडद आणि बाकीच्या तीन फिक्या, अशी फॅशन आहे. तरुण मंडळींना ते बरोबर कळतं. पण घरात म्हातारं माणूस असेल तर ते आधी समजावून सांगावं, एवढं मी अनुभवाने शिकले.

लालबागला चाळीच्या जागी नवीन टॉवर झाला, त्यात एका जोडप्याचं घर. टीव्हीच्या मागची भिंत गडद हिरवी घेतली, बाकी सगळं सायीच्या रंगाचं. मुलाचे वडील कुडाळहून आले होते. त्यांनी सगळं घर फिरून पाहिलं आणि बाळाला बाजूला घेतलं. हळू आवाजात विचारलं, "रंग कमी पडलो काय? सांगा हो, लाजू नका."

बाळाने सांगितलं, बाबा, ही फॅशन आहे. बाबांनी मान डोलावली. कमी पडलेल्या माणसाची लाज राखावी तशी डोलावली, हे बाळाच्या नंतर लक्षात आलं.

पुढे कुठे ओरखडा पडला तर असावा म्हणून अर्धा डबा रंग आम्ही तिथेच ठेवला होता. दुसऱ्या दिवशी नवराबायको ऑफिसला गेली. संध्याकाळी परत येतात तो समोरची भिंतही हिरवी, पण बाबांचा हात पोचेल तेवढीच! वरचं सगळं सायीचं. बाबा ब्रश धूत होते. म्हणाले, वरचा तेवढा त्या पेंटराकडून करून घ्या, माझो हात पोचलो नाय.

सूनबाई हुशार. तिने आम्हाला बोलावून फक्त मधली रेघ सरळ करून घेतली. तिच्या शेजारणीला ते इतकं आवडलं की तिने माणूस पाठवून आमच्याकडून तस्संच अर्धं करून घेतलं. तिला खरी गोष्ट आम्ही अजून सांगितलेली नाही.

*

आणि बोटाला लागला नाही म्हणजे रंग सुकला, ही समजूत! ऑइलपेंटच्या बाबतीत तर फारच महागात पडते.

आमच्याच भोईवाड्यात एका घरी मुलीला पाहायला पाहुणे यायचे होते. सकाळी उठून यजमानांच्या मनात आलं की दारातलं लाकडी बाकडं फार कळकट दिसतंय. दिन्याने ऑइलपेंटचा एक हात मारून दिला आणि बजावलं, हा रंग वरून कोरडा वाटतो, आतून ओलाच असतो. एक रात्र जाऊ द्या. यजमानांनी दुपारी बोट लावून पाहिलं. बोट कोरडं. झालं, बाकडं आत!

मुलाचे वडील वजनदार गृहस्थ. बाकड्यावर बसले ते बसलेच. पोहे झाले, प्रश्नोत्तरं झाली, मुलगा-मुलगी गॅलरीत बोलून आली. निघायची वेळ झाली तशी सगळी मंडळी उठली. हे उठायला गेले तर बाकडंही उठायला लागलं. दोघांनी बाकडं धरलं, दोघांनी त्यांना धरलं. मुलीच्या आईच्या डोळ्यात पाणी. आता हे स्थळ गेलंच, असं सगळ्यांना वाटलं.

तेव्हा ते गृहस्थ घामाघूम होऊन म्हणाले, "अहो, मुलगी पसंत आहे आम्हाला. आता तरी सोडा!"

लग्न झालं, नातवंडं झाली. बाळाने हा किस्सा घरी सांगितला तेव्हा शांतामावशी पोट धरून हसल्या. पुढे मी कधी गेले की मलाही सांगायला लावायच्या. वरून कोरडा, आतून ओला होय, असं स्वतःशीच म्हणून परत हसायच्या.

*

आता यंदाचं सांगते.

यंदा चाळ खरंच पाडायला निघाली. लोकांना भाड्याच्या खोल्या मिळाल्या, टॉवर झाला की परत यायचं. एकेका मजल्याला तारीख दिली. त्या दिवशी माणूस येणार, खोली रिकामी बघणार, दाराला सील ठोकणार. मावशींच्या मजल्याची तारीख आली तेरा एप्रिल.

मावशींनी कसलीही तक्रार केली नाही. सामान बांधलं, भांडी पोत्यात भरली. बाळाला फक्त एवढंच म्हणाल्या की दोन दिवस पुढे ढकलून मिळतील का बघ. एक शेवटची जयंती या खोलीत करते, मग कुठे नेशील तिथे येते.

बाळा त्यांच्या सरकारी ऑफिसात जाऊन आला. तारीख सगळ्यांना सारखी, एकाला दिली तर सगळे मागतील, असं सांगून त्यांनी परत पाठवला. तो गाळ्यात येऊन बसला. दिन्याने चहा पुढे केला, तो तसाच निवला. मग हळूच म्हणाला, "अलके, तिने जन्मात माझ्याकडे दोन गोष्टी मागितल्या. एक रंग आणि एक हे."

मला भरून आलं. पण भरून आलं की मी खेकसते. खेकसलेच त्याच्यावर, की मग एक तरी दे.

तर मावशीही तेच म्हणाल्या. दोन दिवस नाही तर नाही, रंग तरी दे. बाळा सवयीने बोलून गेला, आई, आता तर खरंच पाडतायत! मावशी म्हणाल्या, "पाडणार होते म्हणून दिला नाहीस. आता पाडतायत म्हणून दे."

बाळाने हातातली सगळी कामं बाजूला ठेवली. आम्ही तिघं चाळीत गेलो. खोलीत एक चटई, एक स्टोव्ह, एक मोठं पातेलं आणि भिंतीवर तसबीर, एवढंच उरलं होतं. पोपडे खरवडताना खालून गुलाबी निघाला, त्याच्या खालून पोपटी, आणि अगदी तळाला निळा. तो बाळाच्या वडिलांनी दिलेला. बाळाने त्यावर हात फिरवला आणि तस्साच निळा घोटून आणला. गडद रंगाने खोली लहान दिसते, हे आम्ही गिऱ्हाइकांना सांगत असतो. ती दहा बाय बाराची खोली निळी झाल्यावर मला तरी मोठी वाटली.

जिन्यातून लोक पोती घेऊन उतरत होते, दारात थांबून बघत होते. कुणी म्हणालं, बाळा, बिल्डरला आहेर देतोयस काय? मावशी म्हणाल्या, बघून घ्या, परत दिसायची नाही.

तेराला सकाळी फक्त दार राहिलं होतं. बाळा म्हणाला, दार राहू दे, भंगारवाला नेणार ते. मावशी म्हणाल्या, दार पण कर. त्याने भिंतीचाच रंग घेतला, तासाभरात सुकतो. मावशी म्हणाल्या, तो नको, दाराला ऑइल मार. मी आणि दिन्याने एकमेकांकडे पाहिलं. बाळाने दोन्ही फळ्यांना ऑइलपेंट मारला. मावशी मागे उभ्या राहून चौकटीला आणखी एक हात मारून घेत होत्या. तिथे गरज नव्हती खरं तर.

दुपारी साहेब आले, सोबत शिपाई, हातात कागदाची सिलं आणि खळ. साहेब वयाने लहान, बोलायला नम्र. पद्धत अशी होती की कुलूप लावायचं, दोन्ही फळ्यांवर आडवा कागद चिकटवायचा आणि त्याचा फोटो काढायचा. शिपायाने कागद लावला. कागद हळूहळू खाली घसरत गेला आणि उंबऱ्यावर पडला. दुसरा लावला, तोही पडला. तिसरा दाबून धरला तर शिपायाची बाही निळी झाली. साहेबांनी स्वतः बोट लावून पाहिलं. बोटही निळं.

मावशींनी दार परत उघडलं, टर्पेंटाइनचं फडकं पुढे केलं, प्यायला पाणी दिलं. साहेब बोट पुसता पुसता बाळाला विचारू लागले, किती वेळ लागेल सुकायला? बाळा सरळ माणूस. "ऊन कडक आहे साहेब, संध्याका..." एवढं बोलला आणि मी त्याच्या पायावर पाय दिला.

मावशी म्हणाल्या, "रात्र जाऊ द्यावी लागते साहेब. वरून कोरडा वाटतो, आतून ओलाच असतो."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. मग उघड्या दारातून आत पाहिलं. निळी भिंत, तिच्यावर पुसून ठेवलेली तसबीर, खाली खिरीचं मोठं पातेलं पालथं घातलेलं.

"उद्या येऊन काय उपयोग नाही, आजी," साहेब म्हणाले. "उद्या ऑफिसला सुट्टी आहे. आता परवाच."

तीस वर्षं सरकारी इस्पितळात काढलेल्या मावशींनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "अगंबाई! उद्या सुट्टी आहे होय?"